विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ साली ते बदलून 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असं झालं. नाव लांबलचक झालं म्हणून फॉर्म भरताना आपण कुरकुर करतो, आणि शॉर्टफॉर्म केला की बाहेरगावच्या मित्रांना थेट अमिताभ बच्चनच आठवतो! पण मित्रांनो, या नावातली खरी गोष्ट कधी लक्षात घेतलीत का? ज्या बाईंचं नाव दरवर्षी हजारो पदवी प्रमाणपत्रांवर छापलं जातं, त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मी मूळची धुळ्याची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कविता म्हटली की डोळ्यांसमोर यायचे डॅफोडिल्स. ते फूल मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. कपाशीचं पिवळं फूल मात्र धुळे-जळगाव बसच्या खिडकीतून शंभर वेळा पाहिलंय, आणि त्याच्यावर कुणी कविता करत असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्टेलला आल्यावर रावेर तालुक्यातली रूममेट मिळाली. तिच्याकडे 'बहिणाबाईंची गाणी' होतं. मी वाचायला घेतलं तर दर दोन ओळींनी अडखळायला व्हायचं. मग ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायची. डोळ्यांना अवघड वाटणारी भाषा कानाला मात्र सोपी गेली. त्या बाईंची कविता मुळात कानासाठीच होती, हे त्यानंतर कळलं. सबमिशनच्या दिवसांतसुद्धा आमचं हे वाचन चालू राहिलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितेय.

आधी एक घोटाळा मिटवून टाकू. बहिणाबाई दोन. एक सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, तुकाराम महाराजांच्या शिष्या. दुसऱ्या आपल्या खानदेशातल्या शेतकरी बहिणाबाई चौधरी. नेटवर शोधलं की दोघींची माहिती एकमेकींत मिसळून येते. असाइनमेंटसाठी कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी जरा जपून!

भरताच्या वांग्यांमुळे सगळ्या हॉस्टेलला माहीत असलेलं असोदे हे गाव जळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे १८८० सालच्या नागपंचमीला उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी बहिणाबाई जन्मल्या. तीन भाऊ, तीन बहिणी असं भरलेलं घर. पुण्यात मुलींची शाळा १८४८ सालीच निघाली होती, पण असोद्याच्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत पाटी-पेन्सिल बत्तीस वर्षांनंतरही पोचली नव्हती. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे आपण आठवीत असतो त्या वयात, जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या असोद्याहून जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. ओंकार, सोपान आणि काशी ही त्यांची तीन मुलं. ओंकारला प्लेगने गाठलं. तो वाचला, पण अपंगत्व कायमचं राहिलं.

त्यांचा दिवस कसा जात असेल? पहाटे दळण, मग चूल, मग शेत, संध्याकाळी पुन्हा चूल. यात कविता करायला वेळ कुठला? कलावंताला प्रेरणा मिळते म्हणजे तो कुठेतरी एकटा बसतो, नदी बघतो, चंद्र बघतो आणि मग लिहितो, असं आपल्याला वाटत असतं. बहिणाबाई एकट्या बसल्याच नाहीत. त्यांनी कामातून वेळ काढून कविता केली नाही, काम चालू असतानाच केली.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे जातं. खानदेशात त्याला घरोट म्हणतात. दोन गोल दगड, खालचा स्थिर, वरचा फिरता. मधे खुंटीवर तोल सांभाळलेला, वर तोंड, कडेला हाताने धरायचा खुंटा. तोंडात मूठभर दाणे टाकायचे आणि फिरवायचं. एक फेरा पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढीच एक ओळ, आणि खुंटा अंगाकडे ओढताना जिथे जोर लागतो तिथेच शब्दावर जोर. महाराष्ट्रातल्या बायका शेकडो वर्षं ओव्या म्हणत आल्या त्या अशाच. आपल्या भाषेत सांगायचं तर छंदाची फ्रिक्वेन्सी दगडाने ठरवून दिलेली असते. बहिणाबाईंच्या बहुतेक कविता याच ओवीच्या चालीवर आहेत. घरोटावर त्यांची स्वतंत्र कविता आहे, आणि आपल्या गाण्याचा उगम कुठे आहे ते त्यांनी तीत स्वतःच सांगून टाकलंय. घरोटातून जसं पीठ बाहेर पडतं तसं गाणं त्यांच्या पोटातून ओठावर येतं, असा त्या कवितेचा भाव. प्रेरणेवर एवढं थोडक्यात आणि एवढं स्पष्ट मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्याच कवितेत आणखी एक निरीक्षण आहे, ते वाचून मला मशीन डिझाइनचं लेक्चरच आठवलं. दळताना बाई घामाने भिजते आणि तिच्याबरोबर दगडही झिजतो. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की दाणा नीट भरडला जात नाही, मग टाकारी बोलावून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. आपण याला 'वेअर' म्हणतो आणि पाच मार्कांचं उत्तर लिहितो. बहिणाबाईंना त्यात दगड आणि बाई असे दोन झिजणारे जीव दिसले. दगडाला निदान टाकी लावून मिळते. बाईचं काय, हा प्रश्न त्या विचारत नाहीत, पण आपल्या मनात तो येतोच.

शेतीचंही तसंच. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या प्रत्येकावर त्यांची वेगळी कविता आहे. ओळीने वाचली तर बियाणं जमिनीत पडल्यापासून दाणे घरात येईपर्यंतची पूर्ण प्रोसेस समोर येते. रगडणी म्हणजे खळ्यात बैलांच्या पायाखाली कणसं तुडवून दाणे मोकळे करणं. उपणणी म्हणजे उंचावर उभं राहून टोपलीतून तो माल वाऱ्यात सोडणं. जड दाणा सरळ खाली पडतो आणि हलकं भूस लांब उडून जातं. वजनातल्या फरकावर चाललेलं हे सेपरेशन, ना मोटर ना वीज. पण वारा पडला तर काय? खळ्यावर हात जोडून थांबायचं. म्हणून बहिणाबाईंची उपणणी ही वाऱ्याची आर्जवं करणारी कविता झाली. ज्या घराचं वर्षभराचं धान्य खळ्यात पडलंय त्या घराला वारा किती मोलाचा असतो, हे ती वाचताना कळतं.

विहिरीवरच्या मोटेवर कविता आहे, तीत मोटा दोन पण पाणी एकच, असं भागांचं गणित मांडत त्या माणसांच्या जगण्यापर्यंत येतात. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर आहे. हात नसलेला पक्षी नुसत्या चोचीने एवढं बांधकाम करतो, आणि त्यावरून हात असलेल्या आपल्याला त्या जो टोमणा मारतात तो सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावा.

मला सर्वांत जास्त आवडलेली कविता मात्र छापखान्यावरची आहे. जळगावातल्या नानाजींच्या छापखान्यावर त्यांनी ती केली. डोळ्यांसमोर आणा, अक्षरओळख नसलेली बाई यंत्रापुढे उभी आहे. कोरा कागद आत जातो आणि अक्षरं घेऊन बाहेर येतो. ती अक्षरं तिला वाचता येत नाहीत. पण साधा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र एवढं सगळं वाचून आहे तसाच राहतो, हे तिला दिसतं. शिकलेल्या माणसांची अशी चेष्टा, तीही न शिकलेल्या बाईने केलेली! आणि गंमत अशी, की याच बाईंचे शब्द छापून शहाणा झालेला कागद पुढे आपल्या हातात यायचा होता. पण तो त्यांच्या हातात कधी आला नाही. त्याची गोष्ट पुढे येतेच.

१९०७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी जळगावात मराठी कवींचं पहिलं संमेलन भरलं. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. सगळे थक्क झाले आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात तो गेला, तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. भुसावळला जाताना भादली लागतं. पॅसेंजरने जाणाऱ्यांनी त्या स्टेशनवर एकदा त्याची आठवण काढायला हरकत नाही.

तर, कवींचं संमेलन जिथे भरलं त्याच जळगावात, त्याच १९०७ साली, सत्तावीस वर्षांच्या बहिणाबाई घरोट फिरवत होत्या. त्यांचा सोपान त्याच वर्षी जन्मला. संमेलनाला त्यांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. एक तर बाई, त्यात शेतकरी, त्यात निरक्षर, आणि त्यातून बोली भाषा. आपण कवी आहोत हे त्या स्वतःही म्हणाल्या नसत्या. एकाच गावात दोन कवी होते. गावाला त्यातला एकच ऐकू आला.

त्यानंतर तीनेक वर्षांत नथुजी वारले. तिशीच्या उंबरठ्यावर बहिणाबाई विधवा झाल्या. पदरात तीन मुलं, त्यातलं एक अपंग. त्या काळातलं वैधव्य म्हणजे काय, हे आपल्याला सिनेमातून थोडंफार माहीत आहे. त्यांच्या एका कवितेत ज्योतिषाला उद्देशून बोलणं आहे. कपाळावरचं कुंकू पुसलं गेलेल्या बाईला आता कोण काय भविष्य सांगणार? आपलं नशीब काय आहे ते तिला पाठ झालंय. इतकी दुःखाची जागा, पण कवितेत रडारड नाही. संसारावरच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेतही चुलीवरच्या तव्याचा चटका आहे आणि भाकरीही आहे, दोन्ही एकदम. मला वाटतं, हातात सतत काम असल्यामुळे हे झालं असेल. दुःख झालं म्हणून दळण थांबत नव्हतं. त्यामुळे दुःखही दळणाच्या चालीतच बाहेर पडलं.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बाईंना लिहिता येत नव्हतं, तर कविता आपल्यापर्यंत पोचल्या कशा?

बहिणाबाई शेतात, घरात काम करता करता म्हणत, तेव्हा त्यांचा मुलगा सोपान आणि मावसभाऊ पितांबर चौधरी ते ऐकून मिळेल त्या कागदावर उतरवून घेत. बस, एवढंच. ना कुठली संस्था, ना कुठला प्रकल्प. शाळेत जाणारी घरातली दोन मुलं आणि त्यांचा कंटाळा न करण्याचा स्वभाव. ही मुलं ज्या वेळी जवळ होती त्या वेळची गाणी कागदावर आली. ती शेताच्या दुसऱ्या बांधावर असतील, झोपलेली असतील, परगावी असतील, त्या वेळची गाणी वाऱ्यावर गेली. भूस उडून जातं आणि दाणा राहतो हा उपणणीचा नियम इथे लागू पडला नाही. इथे दाणेही उडाले. आज आपल्या हातात उरला आहे तो एकच संग्रह.

सोपान पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले, कवी सोपानदेव चौधरी म्हणून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. त्यांच्या पश्चात सोपानदेवांनी आईच्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या. अत्रे म्हणजे त्या काळातलं महाराष्ट्रातलं केवढं मोठं नाव! त्यांनी ऐकलं आणि हे सोनं महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही असं ठरवून टाकलं. त्यांची प्रस्तावना घेऊन १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झालं. छापखान्यावर कविता करणाऱ्या बाईंचं पुस्तक छापून आलं ते त्या गेल्यानंतरच्या वर्षी. १९६१ च्या 'मानिनी' सिनेमात त्यांची गाणी आली आणि असोद्याची ओवी रेडिओवरून घराघरात गेली.

यात एक गोष्ट मला फार मोठी वाटते. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत कविता करणारे. आईची बोली त्यांना सहज 'सुधारता' आली असती. बहिणाबाईंची बोली ती जळगाव भागातली लेवा बोली. तीत मला-तुलाचं 'माले-तुले' होतं आणि ळ चा य होतो, म्हणजे डोळा हा 'डोया' आणि पोळा हा 'पोया'. धुळ्याकडची अहिराणी वेगळी आणि ही वेगळी, हे मला धुळ्याची असूनही रूममेटमुळे नीट समजलं. सोपानदेवांनी 'माले'चं 'मला' केलं असतं तर पुस्तक शुद्ध झालं असतं आणि कविता मेली असती. कारण त्या कवितेतले शब्द घरोटाच्या फेऱ्याला मोजून बसलेले आहेत. एक अक्षर बदललं की फेरा चुकतो. मुलाने आईच्या शब्दाला हात लावला नाही, हे त्याचं केवढं मोठेपण!

आणि आता आपल्याकडे बघा. आमच्या विंगमध्ये निम्म्या मुली यावल, रावेर, भुसावळ, शिरपूर, साक्रीकडच्या आहेत. घरून फोन आला की त्या गॅलरीत जातात आणि हळू आवाजात बोलतात. 'माले' ऐकलं की कुणीतरी हसतं. कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की मुलं एकमेकांची बोली सुधारायला लागतात. इंग्रजी चांगलं यायलाच हवं, त्याशिवाय नोकरी नाही, हे मला कॉन्व्हेंटच्या मुलीने सांगायची गरज नाही. पण जी बोली विद्यापीठाच्या पाटीवर जाऊन बसली, तीच बोलायला तिच्याच जिल्ह्यातल्या मुलीला गॅलरीत जावं लागतं, हे काही बरोबर वाटत नाही.

माझ्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी कागदपत्रं गोळा केली, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. लहानपणी तिथून जाताना या जुन्या बाडांचं लोकांना एवढं काय कौतुक, असं वाटायचं. आता कळतं, की कुणीतरी लिहिलं होतं म्हणूनच कुणालातरी जपता आलं. बायकांची गाणी कागदावर नव्हती, त्यामुळे ती गोळा करायला राजवाड्यांसारखा माणूस निघाला तरी त्याच्या हाती काय लागणार?

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात आता बहिणाबाईंचं स्मृतिसंग्रहालय आहे. एखाद्या रविवारी मॉलऐवजी तिकडे जा. पण त्याहून सोपं एक काम आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अजून आजी आहे. आखाजीची गाणी, लग्नात हळदीच्या वेळची गाणी, दळणाच्या ओव्या तिला येत असतात. माझ्या रूममेटच्या आजीला येतात. जातं कधीच अडगळीत गेलंय, पण ज्वारी निवडताना ती गुणगुणते. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे आणि मधल्या ओळी विसरायला लागल्यात, असं रूममेट सांगते. गेल्या दिवाळीत आठवत होतं ते या दिवाळीत आठवेलच असं नाही.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिच्याजवळ बसा. गा म्हटलं तर ती लाजेल, म्हणून हातात काहीतरी काम असताना विचारा. कुठल्या गावची, कुठल्या प्रसंगाची, कुणाकडून शिकली हे तिच्याच तोंडून बोलून घ्या. मग वहीत उतरवा, कारण फोन हरवतात, फुटतात, फॉरमॅट होतात. आणि उतरवताना तिने 'माले' म्हटलं तर 'माले'च लिहा. सोपान आणि पितांबर यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त कागद आणि पेन्सिल होती. त्यांनी तेवढ्यावर काम भागवलं, म्हणून आज पाटीवर नाव आहे.